नवलभाऊच्या वळणावर

साक्रीच्या पुढे डोंगरात एक वळण आहे. तिथे रहीमचाचांचा ट्रक कुणीतरी मागून धरून ठेवतं. कोण धरतं, तेच शोधायला आम्ही तिघं निघालो होतो: ट्रक चालवणारे रहीमचाचा, फिटर असलेले माझे पप्पा, आणि हट्टाने केबिनमध्ये घुसलेली मी, सपना, इयत्ता दहावी!

चाचांच्या मते शोधण्यासारखं काही नव्हतंच. त्यांचा साथीदार नवलभाऊ गेल्या पावसाळ्यात त्याच वळणाच्या माथ्यावर दरीत घसरून गेला. तेव्हापासून भरलेली गाडी तिथे दम सोडते.

"तो मना रस्ता अडवस," चाचा म्हणाले. "आज बी अडवी तर मी चावी ठेई देसू. मंग गाडी नको."

"डिझेल फिल्टर नवा, पंप तपासला, टाकी धुतली," पप्पा म्हणाले. "आता भूतच बदलायचं राहिलंय."

चाचा हसले नाहीत.

सपाटीवर ट्रक अगदी गुणी होता. सिमेंटच्या गोण्या घेऊन निवांत चालला होता. मग सागाची झाडं दाट झाली, रस्ता लाल चिखलाचा झाला आणि धुकं इतकं खाली आलं की समोरचा दगडही माणूस बसल्यासारखा दिसू लागला. 

वळण आलं, सोबत खडा चढ. चाचांनी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. गाडी गुरगुरली. गुदमरली. थांबली. ब्रेक लागले, पण ओल्या चिखलात चाकं घसरायला लागली. आम्ही मागे चाललो होतो, दरीकडे!

पप्पा लाकडी ठोकळा घेऊन उडी मारून उतरले. दुसरा घेऊन मी उतरले. चाकामागे घुसवला. लाकूड करकरलं. ट्रक थांबला.

मी ठोकळा पायाने आणखी आत रेटला. तेवढ्यात केबिनच्या मागे, उंचावर, काहीतरी फट्ट वाजलं. कुणी ओला हात आपटावा तसं. धुक्यात काही दिसेना, पण गाडीने ओकलेला काळा धूर मात्र आजूबाजूला साचला होता.

"पप्पा, डिझेल कमी पडलं असतं तर एवढा काळा धूर आला असता का? हिला हवा मिळत नाहीये."

"हवेचा फिल्टर साफ आहे गं."

"मग बाहेरून कोण हिचं नाक दाबतंय?"

मी केबिनमागच्या शिडीवर चढले. हवा ओढणारा पाईप तिथेच वर उघडतो. वर्कशॉपमध्ये तिथपर्यंत कुणी चढलंच नव्हतं.

"चाचा, न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा!"

इंजिन ओरडलं आणि पाईपला बांधलेला चौकडीचा रुमाल सर्रकन आत ओढला गेला. जाळीवर घट्ट चिकटला. इंजिन घुसमटलं. चाचांनी पाय काढला. फट्ट! रुमाल सुटून लोंबकळला.

चाचा खाली उतरून वर बघत राहिले. "नवलना शे," ते हळूच म्हणाले. "मीच बांधेल शे. त्याले वारा लागो म्हणीसन."

नवलभाऊचा रुमाल, त्याला वारा लागावा म्हणून चाचांनीच बांधलेला.  ओली गाठ सोडवताना आपण कुणाची तरी बोटं सोडवतोय असं वाटत होतं. रुमाल चाचांना दिला. त्यांनी तो गळ्यात बांधला.

गाडी सुटली. ॲक्सिलरेटर तळाला गेला तरी इंजिनाचा आवाज मोकळा होता. चढ संपला, वळणाचा माथा आला, पुढे सपाट रस्ता दिसला आणि चाचांनी अलगद पाय उचलला.

"काय झालं? परत?" पप्पांनी विचारलं.

"काही नही. जरा थांबूत."

इंजिन संथ फडफडत होतं. चाचा खिडकीतून धुक्याकडे बघत बसले. या वेळी त्यांना कुणीच अडवलं नव्हतं.