पहिलं कार्ड

आमच्या संस्थेत संगणक आला तो सहासष्ट साली. त्याची खोली थंडगार, दार कायम बंद, आणि आम्हा प्रोग्राम लिहिणाऱ्यांची धाव खिडकीपर्यंतच. एका कार्डावर एक आज्ञा, तीही भोकं पाडून. माझ्या प्रोग्रामची कार्डं चारशे बारा. खिडकीत कावेरी बसायची. तिच्याकडे गठ्ठा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी छापील उत्तर घ्यायचं, असा नेम होता.

कामाच्या युक्त्या मला बिंदुमाधवने शिकवल्या. तो धारवाडचा, मी बेळगावची. मी वर्षभराने मोठी म्हणून तो मला अक्का म्हणे. गठ्ठा नीट ठोकून वरच्या कडेवर पेन्सिलीने या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरकी रेषा ओढायची. कार्ड इकडचं तिकडे झालं की रेषा तुटते. नवं कार्ड घातलं की त्या जागी खूण नसते. काढलेलं जुनं कार्ड मात्र फेकायचं नाही. पाठीवर तारीख, नाव आणि कारण लिहून ते खणात ठेवायचं.

"प्रोग्राम बिघडला तर गेल्या मंगळवारला परत जाता येतंय बघा," तो म्हणायचा.

चिकपेटेच्या बाजारातून आणलेल्या निळ्या पेन्सिलीने मी रेषा ओढत होते तेव्हा त्याचा कोपर लागला आणि मध्येच रेषेला कुबड आलं. मी वैतागले. तो हसला. "राहू दे की अक्का. तुमचा गठ्ठा ओळखायला बरं."

कायमची जागा एकच होती. ज्याचा प्रोग्राम चालेल त्याला ती मिळणार होती. मला मिळाली नसती तर बेळगावला परत जायचं आणि वडील दाखवतील त्याच्याशी लग्न करायचं, हे घरी ठरून गेलेलं होतं. बिंदुमाधवला हे सगळं माहीत होतं.

अडुसष्टच्या जूनमध्ये एका सोमवारी माझ्या गठ्ठ्याचं उत्तर अचूक आलं. माथ्यावर नाव त्याचं होतं.

ते नाव पहिल्या कार्डावरून छापलं जातं. दोन वर्षं ज्याच्या डब्यातली शेंगाचटणी खाल्ली, त्याने माझं कार्ड काढून आपलं घातलं होतं. इतका विश्वास मी सख्ख्या भावावरही टाकला नव्हता.

मी गठ्ठा मागून घेतला. बदललेल्या कार्डाला खूण नसणार, तोच माझा पुरावा. पण त्याच्या कार्डावर निळा ठिपका होता, अगदी रेषेत.

मग खण उघडला. माझी एकशे सात जुनी कार्डं. प्रत्येकाच्या पाठीवर माझंच अक्षर. सातला आडवी रेघ द्यायची माझीच सवय. नावाच्या जागी, त्याच अक्षरात, बिंदुमाधवचं नाव.

तो कॅन्टीनमध्ये होता.

"पहिलं कार्ड तुम्ही बदललंत?"

त्याने कॉफीचा पेला खाली ठेवला. "होय, अक्का. जुनं फाडलो. फार चूक झाली."

"आणि खणातली?"

"खणाला मी हात लावलो नाही. एकच कार्ड फाडलो, देवाशपथ."

मी त्याला खणापाशी आणलं. त्याने तीन कार्डं वाचली आणि चौथं उजेडाकडे धरलं. "हे अक्षर तुमचं आहे की," तो हळूच म्हणाला.

"माझं कार्ड परत पाडून द्या. आत्ता."

"देतो की." तो भोकं पाडायच्या यंत्रापुढे बसला, कोरं कार्ड घातलं, बोटं कळांवर ठेवली. "नाव सांगा, अक्का."

मला वाटलं, शरमेने गोंधळलाय. मी नाव सांगितलं.

त्याने एकही कळ दाबली नाही. "स्वल्प परत सांगा."

परत सांगितलं. हळू, अक्षर न् अक्षर सुटं करून.

तो माझ्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावरची शरम उतरत गेली, भीतीही उतरली. मग तो खुर्चीवरून उठला, अदबीने.

"बाई," तो म्हणाला, "आपल्याला कोण पाहिजे?"

मी गठ्ठा पुन्हा उचलला. रेषेतलं कुबड शोधलं.

रेषा सरळ होती.

हे सगळं मी कोऱ्या कार्डांच्या पाठीवर लिहिलं आहे. काल एक्केचाळीस झाली. पहिल्यावर फक्त माझं नाव होतं. नीट ठोकून वर निळी रेषा ओढली आणि मध्ये मुद्दाम हात हलवून कुबड काढलं.

आज सकाळी मोजली. चाळीस भरली. वरचं कार्ड 'आमच्या संस्थेत' असं सुरू होतं.

रेषा कुठेही तुटलेली नाही.