हवेतले दोन तास

दाराला बाहेरून कुलूप तसंच होतं आणि आतली म्हातारी नाहीशी झाली होती.

मृण्मयी नाशकातल्या पोलीस ठाण्यात उभ्या उभ्याच सांगत होती. तिची आई गोदावरीबाई शहात्तर वर्षांच्या, घडीभरापूर्वीचंही आठवत नाही अशा. मृण्मयी नऊला कामावर जाताना कुलूप लावायची आणि किल्ली कुंडीखाली ठेवायची. बाराला शेजारच्या सावित्रीबाईंनी ताट द्यायला दार उघडलं, तर घर रिकामं.

"किल्ली कुठे होती?" सहायक निरीक्षक रोहिणी पगारेंनी विचारलं.

"जागेवरच."

"ती जागा कोणाला माहीत?"

"मला, सावित्रीबाईंना आणि दादाला. पण तो बंगळूरला असतो. सव्वाबाराला फोन केला, तर रडायलाच लागला."

सावित्रीबाईंना रोहिणीबाईंनी खोदखोदून विचारलं. ती बाई सकाळभर गल्लीत पापड लाटत होती, साक्षीला आठ जणी.

तीनला तिचा दादा श्रेयस हजर. डोळे लाल, तोंडावर सगळा साळसूदपणा.

"तक्रार-बिक्रार राहू द्या मॅडम, आधी आईला शोधू."

"फार लवकर आलात."

"फोन आला तसाच उठलो. विमानाला दोनच तास लागतात."

"फोन आला तेव्हा कुठे होतात?"

"ऑफिसात. मीटिंग चालू होती."

"आई कायम बहिणीकडेच असतात?"

मृण्मयीच मध्ये बोलली. "नाही, सहा-सहा महिन्यांची पाळी आहे. उद्यापासून दादाची."

म्हणजे आई नव्हे, पाठीवरचं ओझं. रोहिणीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी टेबलावर हात आपटला.

"हवेतले दोन तास बरोबर मोजलेस. जमिनीवरचे कुठे गेले? ऑफिसातून विमानतळ तासाभराच्या वर. विमान सुटायच्या तासभर आधी आत हवं. मग दोन तास. ओझरच्या विमानतळावर उतरून इथवर पाऊण तास. पाच तास झाले, तेही विमान तुझीच वाट बघत उभं असेल तर. तू पावणेतीन तासांत आलास. म्हणजे फोन घेतलास तेव्हा तू नाशकातच होतास."

श्रेयसची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

"कुलूप काढलंस, आईला नेलंस, परत लावलंस आणि सवयीने किल्ली जागेवर ठेवलीस. परका माणूस किल्ली जागेवर कशाला ठेवेल? तक्रार लिहून व्हायच्या आत पोचायची घाई तुझ्या अंगाशी आली. पाळी चुकवायला आईच हरवलीस. कुठे सोडलीस?"

"मॅडम, मी आणि बायको, दोघंही नोकरी करतो, घरी बघायला कोणी..."

"कुठे?"

"सायखेड्याला. नदीच्या घाटावर."

मृण्मयीने त्याच्या थोबाडीत दिली. कोणी तिला अडवलं नाही.

रोहिणीबाईंनी सायखेड्याच्या पोलीस चौकीला फोन लावला. वीस मिनिटांनी तिथल्या हवालदार नाथाचा उलटा फोन आला. त्यांनी तो श्रेयसला ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

"आजी सापडल्या, मॅडम. बऱ्या हायेत. पण उन्हातून उठत नाय. पाणी देतोय तर घेत नाय. म्हणत्यात, श्रेयस पाणी आणायला गेलाय. मी इथं दिसले नाय, तर पोरगं घाबरंल."