पाठीवरचा अंगठा

दुपारची औषधं पाजून झाली, चादर बदलून झाली, आणि धाकटी मागच्या शेडमधून मातीच्या फुलांचा ट्रे घेऊन आली. भट्टी सकाळीच निवली होती. फुलं अजून कोमट होती. निळसर झिलईची, तळहातावर मावतील एवढी. ट्रे खाली ठेवताना तिच्या कमरेतून कळ गेली. रात्रभर आईची कूस बदलायला उठून उठून तिचं अंग आंबून गेलं होतं.

आईचं उजवं अंग गेलं त्याला वर्ष होत आलं होतं. सोबत वाचाही गेली. दादा तेव्हाच म्हणाला होता, एखाद्या चांगल्या संस्थेत ठेवू या. धाकटी दूरदेशीचं शिक्षण अर्धवट टाकून धावत आली आणि तावातावाने म्हणाली, “आई म्हणजे काय सामान आहे, ठेवून द्यायला?”

आईने जन्मभर मातीची फुलं घडवून लोकांच्या भिंती सजवल्या. तिच्या स्वतःच्या खोलीची भिंत मात्र कोरी राहिली होती, आणि आता दिवसभर तिला बघायला तेवढीच होती. धाकटीने मनाशी ठरवलं, ही भिंत भरायची. आई बघेल, आणि एक दिवस काहीतरी बोलेल.

सिस्टर आली, आणि नेहमीसारखा आईच्या पावलावर अंगठा दाबून बघू लागली. सुजेत खड्डा पडला. मग तो सावकाश, कणाकणाने भरून आला.

“आज लवकर भरला. छान.” तिने भिंतीकडे पाहिलं. “कालची फुलं कुठं गेली गं?”

“पडली. रोज पडतात.”

“बाग तुझी आणि पानगळ माझ्या चपलेखाली!” सिस्टरने एक तुकडा पायाने बाजूला सारला.

धाकटी कशीबशी हसली. “आईची कधी पडायची नाहीत. माती ओली असताना फुलाच्या पाठीवर अंगठ्याने खळगा करायचा. त्यात पुट्टी भरायची, तिच्यावर फूल चिकटतं. पाकळ्या आम्हाला करू द्यायची ती. अंगठा मात्र कुणाला लावू द्यायची नाही. म्हणायची, ‘आण इकडे. माझा अंगठा पाठीवर पडला, की ते भिंत सोडायचं नाही.’”

“मग आता तुझा लाव.”

“लावते की. धरतच नाही.”

सिस्टरने आईचा निर्जीव उजवा हात उचलून पांघरुणावर नीट ठेवला. अंगठ्यावर भट्टीच्या दाराने भाजल्याची जुनी खूण होती. एक तिरकी, पांढरी रेघ.

त्याच आठवड्यात आईला गरम सूप भरवता भरवता धाकटीचा बसल्या जागी डोळा लागला. वाटी कलंडली. आईच्या गळ्यावर हा एवढा फोड आला, आणि आईच्या तोंडून हूं की चूं नाही. धाकटीने मलम लावलं, आणि पलंगाच्या कडेला बसूनच दादाला फोन केला.

“दादा... ने तिला. मला नाही रे होत आता.”

“अगं, रडतेस काय वेडे? शनिवारी गाडी घेऊन येतो. तू जरा झोप बघू.”

फोन ठेवून तिने वळून पाहिलं. आई भिंतीकडे बघत होती. ऐन मध्यावर, जिथलं फूल दरवेळी आधी पडायचं, त्या मोकळ्या जागेकडे.

दुसऱ्या दिवसापासून फुलं पडायची थांबली.

धाकटीला आधी बरं वाटलं. उरलेली फुलंही तिने लावून टाकली. सगळी बसली. मधल्या जागी मात्र एकही टिकेना. हात काढला की फूल ओंजळीत यायचं.

शनिवारी दुपारी आईचे कपडे भरून झाले. सोबत एखादं फूल द्यावं म्हणून तिने कडेचं एक ओढलं. हललं नाही. तिने सुरीचं पातं त्याच्या मागे सारलं, जोर लावला, आणि फूल गिलाव्याच्या ढलप्यासकट निघालं. तिने फुलाची पाठ खरवडून साफ केली.

खळग्यात तिच्या अंगठ्याचा ठसा होता. माती भाजली की आटते, म्हणून जरासा लहान झालेला. आणि तो ठसा अर्धा मोडून, वरून, दुसरा एक अंगठा दाबलेला होता. मोठा. त्यात एक तिरकी रेघ.

भाजलेलं फूल म्हणजे दगड. त्यावर नख उमटत नाही.

तिने आईचा उजवा हात उचलला. थंड, जड हात. अंगठा खळग्यात टेकवला. तो अलगद आत बसला. कुठे फट नाही, कुठे घट्ट नाही... भाजण्याआधी उमटलेला ठसा आटतो, मग त्यात तोच अंगठा असा बसत नाही.

“आई...” ती हळूच म्हणाली. “तू...?”

आईने पापणीही लववली नाही. खोलीत ओल्या मातीचा वास होता. भट्टी तर कधीची विझलेली. धाकटीने फूल खाली ठेवलं आणि पलंगाजवळच्या खुर्चीत अंग टाकलं. घाबरायला हवं, एवढं तिला कळत होतं. पण घाबरायलाही त्राण लागतं. दादा येईपर्यंत जरा डोळे मिटू, असं म्हणून तिने मान टेकली.

“अगं ए... जागी हो. अशी काय झोपलीस?”

सिस्टर समोर उभी होती. ऊन कललं होतं. खाली दारात दादाच्या गाडीचा हॉर्न वाजत होता.

“बसल्या बसल्याच लागला डोळा,” धाकटी पुटपुटली.

“बसल्या बसल्या?” सिस्टरचा आवाज एकदम खाली आला. “तू उभी आहेस गं...”

खुर्ची तिकडे, पलंगाजवळ, रिकामी होती. धाकटी भिंतीला पाठ लावून उभी होती. दोन्ही बाजूंना फुलं. ऐन मध्ये ती.

सिस्टरने तिचे हात धरून ओढलं. आधी ती हललीच नाही. मग मागे काहीतरी करकरलं, गिलाव्याचा भुगा खाली सांडला, आणि ती पुढे आली.

“दुखतंय कुठं?”

“नाही. उलट... खूप दिवसांनी बरं वाटतंय.”

सिस्टरने तिला वळवलं आणि मानेवरचे केस बाजूला केले.

“खड्डा पडलाय गं इथं. सूज नाही, काही नाही...” तिचं बोट आत फिरलं. “आणि मधून एक रेघ आहे.”

“तिरकी?”

खाली हॉर्न पुन्हा वाजला. पलंगावर आई भिंतीवरच्या मोकळ्या झालेल्या जागेकडे बघत पडली होती.

“भरेल,” सिस्टर म्हणाली. “थांब जरा. भरेल आत्ता.”

दोघी तशाच उभ्या राहिल्या, तो भरून यायची वाट बघत.