रामराव दातिवरकरांचा गळा

प्रतीक्षा पागधरे बोईसरच्या एमआयडीसीत, एका औषधकारखान्याच्या पॅकिंग विभागात तपासनीस होती. गोळ्यांच्या पट्टीवरचं एखादं अक्षर जरी पुसट उमटलं, तरी तिच्या नजरेतून सुटत नसे. नवव्या वर्षी तापात तिचे कान गेले आणि तेव्हापासून ती माणसांचे ओठ वाचत आली होती. स्वतः बोलायची, पण मोजकंच. तिचा आवाज सपाट येतो, नाकातून येतो, असं शाळेत एका मुलीनं वहीवर लिहून दाखवलं होतं. गाणं तर त्या तापानंतर तिनं कधी गुणगुणलंही नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी चुलतभाऊ विनोदनं गावाहून, दातिवऱ्याहून, तिच्या मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली. घराची कौलं उतरवताना माळ्यावर पत्र्याचा डबा निघाला होता. त्यात जुन्या नाटकांच्या जाहिराती आणि फिल्मचं एक भेंडोळं. मुंबईतल्या एका जाणकाराकडून त्यानं ते साफ करून घेतलं होतं. चार मिनिटं दहा सेकंदांचा तुकडा. खाली त्यानं लिहिलं होतं, ‘रामूआजोबा. मूकपट आहे. बोलतोय काय, ते तूच सांग.’

रामूआजोबा म्हणजे पणजोबांचा धाकटा भाऊ. पुढे मुलूखभर तो रामराव दातिवरकर झाला. चौदाव्या वर्षी केळवे-माहीमला आलेल्या नाटक मंडळीबरोबर तो निघून गेला, तेव्हा गादीवर व्हिक्टोरिया राणी होती. बैलगाड्यांत पडदे आणि पेट्या लादून मंडळी बडोदा, इंदूर, नागपूर करत फिरायची. रामू नायिका व्हायचा. त्याची पदं पहाटेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणून घेत. मधे चार दिवस येऊन त्यानं लग्न केलं, पारूशी. घरी आला की गळा राखायचा म्हणून गप्प बसून राही. पुढे बेचाळिसाव्या वर्षी हुबळीच्या थिएटरात, पदाच्या मध्यावर त्याचा आवाज गेला, तो गेलाच. मग त्याला सिनेमावाल्यांनी उचललं. तिथं आवाज कुणाला हवा होता? राजे, ऋषी, म्हातारे बाप, अशी कामं तो करत राहिला. घरी मात्र परतला नाही. पारू मासळी सुकवत जगली आणि म्हणत राहिली, “सगल्या मुलकानं ऐकला, मीच नाय ऐकला.”

प्रतीक्षानं खिडकीशी बसून चित्रफीत लावली. मुकुट घातलेला म्हातारा राजा दरबारात उभा होता आणि कुणाला तरी निरोप देत होता. हात थरथरत होते, डोळ्यांत पाणी. ओठ स्वच्छ दिसत होते.

“पारू, बोंबील उचल गो,” राजा म्हणत होता. “आभाल आलंय.”

तिला हसू फुटलं. मूकपटात नट तोंडाला येईल ते बोलत असणार. ऐकणार कोण होतं? तिनं विनोदला तसं कळवलं. घरातले थोरले भिकाकाका हे ऐकून रडले, असा त्याचा निरोप आला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं तो तुकडा मैत्रिणीला, दीपाला दाखवायला काढला. तोच दरबार, तेच हात. ओठ मात्र वेगळे हलले.

“पारू नाय? तू कोण गो?”

तिनं पुन्हा लावला.

“तू ऐकत नायस. तू बगतेस.”

दीपा डब्यातलं लोणचं पुढं करत होती. तिला ओठ वाचता येत नव्हते. तिला एक म्हातारा दिसत होता, एवढंच.

प्रतीक्षा घाबरणाऱ्यांतली नव्हती. तिनं फाइलचा आकार तपासला, तारीख तपासली. मग मूकबधिर शाळेतल्या जुन्या मित्राला, केतनला, ती पाठवली. तिच्याहून तो ओठ नेमके वाचायचा. तासाभरात त्याचं उत्तर आलं. ‘राजा म्हणतो, जा बाळ, सुखी राहा. तीनदा पाहिलं. तीनदा तेच.’

त्या दिवशी घरी आल्यावर, चहा गार होईपर्यंत ती मोबाइलकडे बघत बसली. शेवटी लावलाच.

राजानं या वेळी हात हलवले नाहीत. तो सरळ तिच्याकडे बघत होता.

“माजा गला हुबलीत ऱ्हायला,” तो म्हणाला. “तुजा नुसता पडून हाय. देशील?”

तिनं मोबाइल पालथा घातला.

तीन दिवस तिनं तो तुकडा उघडला नाही. पण दिवस पाण्याखालून चालावं तसे गेले. पॅकिंगच्या यंत्राची थरथर टेबलातून तिच्या मनगटात चढायची, तिथून खांद्यात, आणि मानेशी येऊन थांबायची. डोळा लागला की मखमली पडदा दिसे, त्याच्या पायथ्याशी रांगेनं तेलाचे दिवे. पडद्यापलीकडे शेकडो माणसं बसलेली आहेत हे तिला ठाऊक असे. भीती वाटत नसे. उलट कुणीतरी आपली वाट बघतंय, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं. आपल्या आवाजाची कुणी वाट बघावी!

शुक्रवारी तिनं चित्रफीत लावली, राजाच्या ओठांकडे न बघता फक्त होकाराची मान डोलावली, आणि बंद केली.

रविवारी ती सफाळ्याला उतरून एसटीनं दातिवऱ्याला गेली. दुपार होती. खळ्यावर बोंबील टांगलेले, वारा खारा. तो तुकडा सगळ्यांना दाखवायला विनोदनं ओटीच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली होती. शेजारपाजारची पंधरा-वीस माणसं दाटीवाटीनं बसली होती.

“ये गो पोरी,” भिकाकाका म्हणाले. ब्याऐंशी वर्षांचे काका तिच्याशी नेहमी तोंड वर करून, सावकाश बोलत. “पारूआजीची जागा हाय ती. बस तितं.”

ती भिंतीला टेकून बसली. विनोदनं दारं लोटून घेतली.

चादरीवर दरबार उजळला. राजा माणसाएवढा झाला होता. प्रतीक्षानं त्याच्या ओठांवर नजर रोवली.

ते हलले नाहीत.

तो नुसता उभा होता. हात खाली सोडलेले. बोलून दमलेला माणूस दुसऱ्याचं ऐकायला थांबतो, तसा.

तिनं विनोदकडे पाहिलं. विनोद पडद्याकडे बघत नव्हता.

तो तिच्याकडे बघत होता.

सगळेच तिच्याकडे बघत होते. कुणाचे ओठ हलत नव्हते. विनोदची बायको स्नेहा पदर तोंडाशी धरून होती. भिकाकाकांनी डोळे मिटले होते आणि त्यांचा पंजा मांडीवर हळूहळू ताल धरत होता.

“काय झालं?” असं तिला विचारायचं होतं.

स्नेहा पुढं सरकली. तिचा चेहरा ओला होता. तिचे शब्द प्रतीक्षानं नीट वाचले.

“थांबू नका, ताई. गा.”

प्रतीक्षानं हात गळ्याशी नेला. गळा थरथरत होता. लांबलचक, चढत जाणारी, कसलेली थरथर.

मग तिनं बोटं ओठांवर ठेवली. ते घट्ट मिटलेले होते.