लापशीवरचं नाव

जॅनिस जन्मली त्या दिवशीही मी कामावर गेलो होतो. आता हे सांगितलं की ऐकणारे माझ्याकडे राक्षस असल्यासारखे बघतात. पण १९६३ साली बर्मिंगहॅममध्ये बाळंतिणीच्या खोलीत बापाला कोणी पाऊल टाकू देत नव्हतं. सकाळी सहाला दाईनं दार किलकिलं करून "मुलगी झाली, आता वाटेतून बाजूला व्हा" असं सांगितलं आणि मी झालो बाजूला. घरी थांबून करणार काय? सासूनं बटाटे सोलायला बसवलं असतं.

आमच्या फॅक्टरीला दोन तोंडं होती. एका टोकातून रेल्वेचे डबे बाहेर पडत, दुसऱ्या टोकातून बसगाड्या. मी डब्यांच्या बाजूला सुतार होतो. पत्र्याचा सांगाडा तयार होऊन आला की आतून लाकडी तक्ते मारायचे, हे काम माझं आणि क्लेम पर्सलोचं. क्लेम माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, हाताला पक्का, बोलायला कमी. आदल्या वर्षी त्याची बायको आयव्ही छातीच्या दुखण्यानं गेली होती. तेव्हापासून तर तो हो-नाहीपुरतंच तोंड उघडायचा.

तक्ते मारण्याआधी सांगाड्याला आतून फवारा मारलेला असायचा, अॅस्बेस्टॉसचा. निळसर तंतू पाण्यात कालवून पत्र्यावर बोटभर जाडीचा थर द्यायचे, म्हणजे डब्यात खडखडाट होत नाही आणि थंडी शिरत नाही. आम्ही त्याला लापशी म्हणायचो. तासभर ती ओली राही, मग दगड. तिचा भुगा भुवयांवर बसे, चहाच्या मगात पडे, जेवणाच्या डब्यातल्या बेकन-पावावर पडे. आम्ही फुंकर मारायचो आणि खायचो.

लापशी मारलेल्या डब्यात शिरायला मला मात्र कधीच आवडलं नाही. बाहेर रिव्हेट ठोकण्याचा एवढा गोंगाट की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. दारातून आत पाऊल टाकलं की तो तिथल्या तिथे तुटायचा. आपलं बोलणं आपल्याच हनुवटीपाशी गळून पडायचं. ओल्या गोणपाटाचा वास यायचा आणि उगाच वाटायचं, कोणीतरी कान देऊन ऐकतंय.

आमच्यात एक रीत होती. तक्ता बसवण्याआधी त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं आपलं नाव लिहायचं. डबा भंगारात निघेल तेव्हाच ते कोणाच्या तरी नजरेला पडणार. पहिल्याच दिवशी क्लेमनं मला बजावलं होतं, "नाव स्वतःचं लिही, आणि लाकडावर लिही. लापशीला नाव दाखवायचं नाही."

"का? वाचता येतं की काय तिला?" मी विचारलं होतं. त्यावर तो हसला नव्हता.

त्या दिवशी फाटकापासून डब्यापर्यंत सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. "विल्फ, पोरगी तुझ्यासारखी नाही ना दिसत? देवाची कृपा!" असं फिटरांचं ओरडून झालं. बसच्या बाजूचे दोघे तर मुद्दाम चालत आले, हात मिळवून गेले. आनंदानं माझे पाय जमिनीवर टेकत नव्हते. डबा क्रमांक ४३१७. आत लापशी नुकतीच मारलेली, ओली, चकचकीत. क्लेम दाराशी स्क्रू मोजून घेत होता. मी खिडकीखाली गुडघे टेकले आणि उजव्या हाताच्या बोटानं लापशीत लिहिलं, जॅनिस.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"काय केलंस?" क्लेम मागे येऊन उभा होता.

"पोरीचं नाव लिहिलं. आज मला बोलू नकोस हं."

"पूस ते."

"अरे, कोणाला दिसणार आहे? तक्ता तर बसणार वरून."

"विल्फ… पूस. मी आयव्हीचं लिहिलं होतं. एकावन्न साली, लग्नाच्या वाढदिवसाला. ती कधी या फाटकाच्या आत आली नाही. एकदासुद्धा नाही…" त्याचा आवाज माझ्यापर्यंत येता येता विरत होता. "तरी डॉक्टरांना तिच्या छातीत हेच सापडलं."

मला राग आला. पोरगी जन्मून सहा तास झाले नाहीत, आणि हा रडतोंड्या तिच्या नावापुढे मेलेली बायको आणून उभी करतो! मी तक्ता उचलला, नावावर टेकवला आणि एकापाठोपाठ एक सोळा स्क्रू पिळले.

शेवटचा स्क्रू बसला आणि तक्त्यामागून खोकला ऐकू आला.

बारीक, कोरडा. तान्ह्या मुलाचा.

"ऐकलंस…?" मी म्हटलं.

क्लेमनं डोक्यावरची टोपी काढली होती.

जेवणाचा भोंगा झाला, सगळे पांगले. मनात पाल चुकचुकत होती, पण स्क्रू उलटे फिरवायला माझा अभिमान आड आला. दुसऱ्या दिवशी मी पेचकस घेऊनच डब्याकडे गेलो, तर ४३१७ रंगकामाच्या शेडमध्ये गेला होता. पुढच्या आठवड्यात तो रुळावर लागला. मी बसच्या बाजूला बदली मागितली, कारण बसला लापशी लागत नव्हती; ती मिळायला वर्ष गेलं. पुढची वीस वर्षं मी बसचे जिने आणि सीटा बसवल्या, आणि जॅनिसला साधी सर्दी झाली तरी रात्रभर जागा राहिलो.

जॅनिस छत्तीस वर्षांची झाली आणि तिला धाप लागायला लागली.

छातीतून दोनदा पाणी काढलं. डॉक्टरांनी आतला तुकडा तपासायला पाठवला आणि विचारलं, "घरात कोणी डब्यांच्या फॅक्टरीत होतं का?" माझी बायको मोरीन माझ्याकडे बघत राहिली. माझे कामाचे कपडे ती मागच्या अंगणात झटकायची, तेव्हा रांगती जॅनिस तिच्या पायांत घोटाळायची. अॅस्बेस्टॉसची धूळ कपड्यांवरून घरी येते, छातीत बसते आणि तीस-चाळीस वर्षांनी कॅन्सर होऊन वर येते; डॉक्टरांना एवढं कारण पुरेसं होतं. मलाही पुरायला हवं होतं, पण मला ते खिडकीखालचं नाव दिसत होतं. तपासणीचा निकाल मंगळवारी येणार होता. माझी मुलगी मरणार होती आणि ते मी माझ्या हातानं लिहिलं होतं, याबद्दल मला शंका नव्हती.

४३१७ कुठे आहे ते मला ठाऊक होतं. जुन्या गाड्या जपणाऱ्या हौशी मंडळींनी तो घेऊन गावाबाहेरच्या रुळांच्या फाट्यावर उभा केला होता. सोमवारी पांढरे पोशाख घातलेली माणसं येऊन आतली लापशी खरवडणार, पिशव्यांत भरून जमिनीत पुरणार होती. नावासकट. ते पुरलं जाण्याआधी मला पुसायचं होतं.

शनिवारी दुपारी मी गेलो. धुकं उतरलं होतं. चहाच्या टपरीवरच्या दाढीवाल्या माणसाला मी सांगितलं, "हा डबा मी बांधलाय." त्याला एवढा आनंद झाला की तोच म्हणाला, "बाहेरून खुशाल बघा हो काका. आत मात्र जायचं नाही हं, विषारी आहे." मी मान डोलवली आणि पलीकडच्या बाजूनं, दारावर आडवी लावलेली चिकटपट्टी उचलून आत शिरलो.

दार ओढून घेतलं. बाहेर इंजिनाची शिट्टी चालू होती, ती अर्ध्यात तुटली.

खिडकीखाली गुडघे टेकले. आता ते कुरकुरत होते. सोळा स्क्रू. चौदा गंजलेले निघाले, उरलेले दोन नुसत्या बोटांनी फिरले, नुकते सैल केल्यासारखे. तक्ता हलला तसा ओल्या गोणपाटाचा वास अंगावर आला. छत्तीस वर्षांनी… ओला वास?

नाव तिथेच होतं. माझं वळण, माझ्या बोटाची रुंदी. मी सोबत आणलेलं फडकं घासलं. आजूबाजूची लापशी दगडासारखी टणक होती, फडक्याच्या चिंध्या झाल्या. अक्षरं हलली नाहीत. पेचकसाचं टोक मारलं, ते घसरलं. मग मी वेड्यासारखा त्या अक्षरांवर तळहात आपटायला लागलो, आणि रडलो.

तळहाताखाली लापशी मऊ झाली.

फक्त नावापुरती. थंड, ओली, सकाळीच फवारल्यासारखी. आणि तिच्याआड अगदी जवळ कोणीतरी श्वास रोखून थांबलं होतं. खोकलं नाही. वाट बघत होतं… काय हवंय ते मला कळलं. कोणालाही कळलं असतं.

मी तिचं नाव बोटानं बुजवलं आणि वर माझं लिहिलं. विल्फ. खाली तारीख टाकली, रीतीप्रमाणे. मी तक्ता लावून स्क्रू पिळले तेव्हा लापशी दगड झाली होती.

मंगळवारी डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. "साधा जंतुसंसर्ग आहे. पहिल्या एक्स-रेमध्ये दिसलं होतं ते… आता कुठे दिसत नाही." जॅनिस हसली आणि मोरीन रडली. मी बाहेरच्या बाकावर बसून पोटभर श्वास घेतला, आणि मला पहिला खोकला आला. मला वाईट वाटलं नाही. एकसष्ट वर्षं काही कमी नाहीत, आणि मी खुशीनं लिहून दिलं होतं.

फक्त बोट.

लिहिलेलं ते बोट अजून ओलं आहे. टोकाला आणि नखाखाली निळसर लापशी आहे. साबण झाला, रॉकेल झालं, वीट घासून झाली. पुसलं की घटकाभरानं परत येते. मी तो हात खिशातच ठेवतो. मोरीनला सांगितलं, भाजलंय.

शुक्रवारी नातीला, जॅनिसच्या कर्स्टीला, शाळेत सोडायला गेलो होतो. तिचा हात माझ्या दुसऱ्या हातात होता. रस्ता ओलांडताना ती हात सोडवून पुढे धावली, आणि कोपऱ्यावरून बस वळली. मी खिशातला हात काढला आणि तिचं मनगट पकडून मागे खेचलं. विचार करायला वेळच नव्हता.

"ई, आजोबा, तुमचं बोट ओलं आहे," ती म्हणाली. हात फ्रॉकला पुसून ती आत पळाली.

त्या दुपारभर मी स्वतःला समजावत होतो की त्यात काही नाही. संध्याकाळी राहवेना म्हणून जॅनिसकडे गेलो. ती मागच्या अंगणात दोरीपाशी उभी होती, गालांवर रंग आलेला, किती दिवसांनी गुणगुणत होती. कर्स्टी तिच्या पायांशी खेळत होती.

"बघा ना बाबा," कर्स्टीचा फ्रॉक उचलून जॅनिस म्हणाली, "दोनदा धुतला, तरी कसली धूळ निघतेय यातून." आणि माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत तिनं तो दोन्ही हातांनी जोरात झटकला.