दोनशे चाळीस कागदांची बाई

धाकट्या सुनेला थेट काही विचारायची सवयच नव्हती. सकाळपासून तीनदा दारात येऊन उभी राहिली आणि तीनदा "काही नाही" म्हणून परत गेली. चौथ्यांदा मात्र सासूबाईंनी शिलाई मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"अगं, आत ये, नाहीतर बाहेर जा. दारात उभी राहून उजेड अडवू नकोस."

सून लॅपटॉप छातीशी धरून आत आली. तिशी उलटल्यावर तिला अ‍ॅनिमेशन शिकायचं खूळ लागलं होतं. पहिलीच फिल्म, आणि मास्तरांनी ती दोनदा परत केलेली. आज पाचपर्यंत सुधारून पाठवली नाही, तर वर्ष बुडणार होतं.

"मास्तर म्हणतात, जिवंत वाटत नाही. शिवणाऱ्या बाईची आहे, आई. काय चुकतंय ते तुम्हालाच कळेल."

सासूबाई चौथीत शाळा सोडलेल्या, पण मशीनवर चाळीस वर्षं काढलेल्या. आपल्याला विचारलं याचा आनंद त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिला नाही. चष्मा तेवढा पुसला.

सुनेने लॅपटॉप टेबलावर ठेवून बटण दाबलं. वीस सेकंदांचा खेळ. पेन्सिलीने काढलेली एक बाई मान खाली घालून शिवत होती. दोनशे चाळीस कागद, एकेकाचा फोटो काढून जोडलेले.

"डावा हात मांडीत कशाला ठेवलाय? कापड कोण सरकवणार, तिचा नवरा?"

सुनेने वहीत टिपून घेतलं. तेवढ्यात फोन आला म्हणून ती बाहेर गेली. सासूबाईंना दम कुठला? सुनेने दाबलेलं बटण त्यांनी पुन्हा दाबलं.

डावा हात कापडावर होता.

"चलाख आहेस हो," सून परतल्यावर त्या म्हणाल्या. "बदललंससुद्धा!"

"मी कुठे हात लावलाय अजून?"

सुनेने आपल्या खोलीतून कागदांचं खोकं आणून उघडलं. एक पाहिला, दहा पाहिले. सगळ्यांवर डावा हात कापडावर. मांडीपाशी खोडरबराचा पुसट डाग. रेघही सुनेचीच, जरा जास्तच दाबलेली.

"मी खोडलं नाही, आई."

"मग विसरली असशील," सासूबाई म्हणाल्या खऱ्या, पण मशीनखाली त्यांचा पाय आपोआप हलायला लागला होता. "पाठ बघ तिची. अशी बसली तर संध्याकाळी उठवायला दोन माणसं लागतील."

पुन्हा लावलं. बाईची पाठ सरळ झालेली.

सुनेच्या कपाळावर घाम होता, तरी डोळे चमकत होते. घड्याळात साडेतीन. "आणखी सांगा ना."

इथे सासूबाईंनी थांबायला हवं होतं. पण या घरात आजवर त्यांचं इतक्या मुकाट्याने कुणी ऐकलं नव्हतं.

"शिवतेय कुणासाठी ही? समोर माणूस नको? मान वर करून बघ म्हणावं."

"तोंड नाहीये तिला," सून हळूच म्हणाली. "मला डोळे जमत नाहीत, म्हणून मान खाली घातली."

तरी बटण दाबलं.

पडद्यावरचं चाक थांबलं. बाईने मान वर केली.

डोळे होते.

ती सुनेकडे बघत होती. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. मग कंबर. मग खाली, जिथे टेबलाआड सुनेचे पाय होते.

सासूबाईंना ती नजर ओळखीची होती. कात्री उचलण्याआधी त्यांची स्वतःची तशीच व्हायची.

बाईने कापड पसरलं. कापलं. डावा खांदा अर्धं बोट खाली ठेवून कापलं.

सुनेचा डावा खांदा अर्धं बोट खाली आहे, हे तिचे कपडे शिवणाऱ्या सासूबाईंशिवाय जगात कुणाला ठाऊक नव्हतं. खुद्द सुनेलाही नाही.

"आता जिवंत वाटतेय ना, आई?" सून पडद्याकडे आणखी वाकली. "पाठवू?"

पडद्यावर वीस सेकंद केव्हाच संपले होते. बाई शिवतच होती.

सासूबाईंनी सुनेचं मनगट धरलं. शब्द सावकाश टाकले.

"काम चोख झालंय, पोरी. एक टाका इकडचा तिकडे नाही. पण ती बाई बाही पुढे धरेल ना, तेव्हा हात घालू नकोस."