बिनगव्हाचा बुधवार

पाद्री सिलकॉक्स यांच्या ओठाला टाके पडले आणि आमच्या ब्रायर फॉल्सला एकदाचा हेर सापडला.

वर्षभर गाव हेर शोधत होतं. अमेरिका युद्धात उतरल्यापासून आयोवातल्या गावोगावी देशनिष्ठा समित्या बसल्या होत्या. शेजारच्या गावांनी आपापला हेर पकडून त्याचं नाव पेपरातही छापून आणलं होतं. आमच्याकडे मात्र सापडेना, आणि समितीचे अध्यक्ष ऑर्विल थॅकबेरी यांना चारचौघांत खाली बघावं लागत होतं. मग बुधवारी दुपारी त्यांच्याच घरी जेवताना पाद्रीबुवांच्या पावात काचा निघाल्या. गावात पाव भाजणारा एकच, याकोब रिंगवाल्ड, आणि तो जर्मन. यापुढे विचार करण्याचा त्रास कुणी घेतला नाही. संध्याकाळच्या आत म्हातारा कोठडीत होता.

त्याची मुलगी ओटिली दुसऱ्या दिवशी आगगाडीने डे मॉइनला गेली आणि मिस लेविना स्टोडार्ड यांच्या कचेरीत जाऊन उभी राहिली. लेविनाबाईंनी उमेदीची वर्षं शिकागोच्या मोठमोठ्या दुकानांत चोर पकडण्यात घालवली होती. आता त्या स्वतंत्रपणे तपासाची कामं घेत. त्यांच्या मदतीला असत त्यांच्या दिवंगत बहिणीचे यजमान एमोस पिंग्री. एमोस मनाने सोन्यासारखे, पण त्यांची बुद्धी जेवल्यानंतरच चालायची, आणि तीही थोडीच.

"खटला कधी?" लेविनाबाईंनी विचारलं.

"सोमवारी फेडरल कोर्टाचा माणूस येणार. वीस वर्षं होतील म्हणतात. पण तोवर बाबा राहतात की नाही कोण जाणे. शनिवारी शाळेत समितीची सभा आहे. तुरुंगासमोरच्या मेपलला लोकांनी आत्ताच दोर टांगून ठेवलाय. सभा संपल्यावर शेरीफ तुरुंग सोडून जेवायला घरी जाणार आहे, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरतोय."

"आधी काही कुरबुर?"

"कुरबुर? दारावर देशद्रोह्यांचा म्हणून पिवळा रंग फासला. आमची जर्मन गाण्यांची पुस्तकं चौकात जाळली. एप्रिलमध्ये समिती घरात घुसली, मैद्याची पोती लढाईवरच्या पोरांना पाठवायची म्हणून उचलून नेली. बाबा म्हणाले, वॉरंट दाखवा. तर थॅकबेरीसाहेबांनी तेच वाक्य देशद्रोह म्हणून लिहून घेतलं. फोनवर आजीशी जर्मन बोलले, तर तोही गुन्हा. आजीला दुसरी भाषा येत नाही, बाई."

एमोसनी मान हलवली. "पण लेविना, लढाई चाललीय. सरकारला सावध राहायलाच हवं. थोडी कळ काढायला हवी माणसाने."

"कुणाची कळ कोण काढतंय ते बघू," लेविनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी टोपी घेतली.

शनिवारी सकाळी दोघं ब्रायर फॉल्सला उतरली. एमोसनी स्टेशनमास्तरला पहिला प्रश्न विचारला तो खाण्याचा.

"खायला?" स्टेशनमास्तर हसला. "इथे येत काही नाही, जातही काही नाही. वसंतापासून दुधाचे कॅन चढवतो आणि रंगरूट चढवतो. बाकी मालाचा डबा रिकामाच."

हॉटेलात मक्याचा पाव मिळाला. पिवळा, रवाळ, घशात अडकणारा. "सैन्याला गहू पुरावा म्हणून सरकारने सोमवार-बुधवार बिनगव्हाचे केलेत, हे समजू शकतो," एमोस कुरकुरले, "पण आज शनिवार आहे ना?" हॉटेलवाल्याने सांगितलं की इथे आता सातही दिवस तसलेच. गावातला मैदा संपला, आता मका आणि सातू. तक्रार करायची तर थॅकबेरीसाहेबांकडे करा, आणि मग तुमचंही नाव समितीच्या वहीत जाईल. एमोसनी निमूट दुसरा तुकडा उचलला.

शेरीफ टोलिव्हरने पुरावा दाखवला. काचेच्या हंडीखाली पावाची एक जाड फाक आणि बशीत काचा.

"हात लावू नका. हा देशाचा पुरावा आहे."

"लावत नाही. काचा निळसर आहेत, एमोस. आणि जराशा बाकदार."

"जर्मन काच असेल," शेरीफ म्हणाला.

लेविनाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या वाकून फाक बघत होत्या. खालून जळून काळी, मधे बसलेली, आणि आतून कापसासारखी. एमोसच्या तोंडाला नकळत पाणी सुटलं.

"रिंगवाल्डना कोठडीत कुठल्या हुकुमाने ठेवलंय?" बाईंनी विचारलं.

"हुकूम कशाला? सगळ्यांना ठाऊक आहे की."

पाद्री सिलकॉक्स बागेत बसले होते. ओठ सुजून टोमॅटो झाला होता, पण बोलायची हौस सुजेला दाद देत नव्हती.

"देवाने वाचवलं. घास तोंडात घातला आणि मी म्हटलं, वा, किती दिवसांनी! लोण्यासारखा विरघळला हो. दुसऱ्या घासाला रक्ताची धार."

"पाव कुठून आला, विचारलंत?"

"विचारायच्या आतच ऑर्विल उठून ओरडले, हा त्या जर्मनाचा पाव! काय तत्परता. असा माणूस गावाला लाभला हे भाग्य."

"आणि तो दिवस बुधवार होता."

पाद्रीबुवांनी सुजलेला ओठ चाचपला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "पाहुण्याने ताटातल्याची चौकशी करू नये," ते म्हणाले.

डेक्स्टर गमेज वाणसामानाचं दुकान चालवायचा. रिंगवाल्डच्या दुकानात पाय ठेवणं देशद्रोह, आणि पावावाचून तर कुणाचं चालत नाही. म्हणून मार्ग निघाला होता. म्हाताऱ्याचे पाव मागल्या दाराने गमेजकडे यायचे, त्यावर गमेजच्या नावाचा कागद चढायचा, आणि गाव निष्ठेने चढ्या भावाने ते खायचं. आमच्या गावाची देशभक्ती अशी पोटाला बाधत नसे.

"थॅकबेरींचा पाव कुणी पोचवला?" लेविनाबाईंनी विचारलं.

"मीच. बुधवारी सकाळी, मागल्या दाराशी." गमेजला घाम फुटला. "माझ्याकडे असं बघू नका, बाई. त्याची भट्टी मला हवी आहे, हे खरंय. पण मी काही घातलं नाही. त्याच्या त्या विटेसारख्या पावात काच घालायची तर छिन्नी-हातोडा लागेल."

बाहेर पडताच एमोसनी बाईंची बाही ओढली. "हाच तो. भट्टीवर डोळा, आणि पाव याच्या हातातून गेलेला. आणखी काय हवं?"

"जेवलात का नीट?"

"कुठलं नीट! मका."

"मग थांबा जरा," बाई म्हणाल्या.

मिसेस थॅकबेरींनी दिवाणखान्यात बसवलं. बाई सुबक, नाजूक, आणि मनगटावर ताजा भाजल्याचा डाग. केस कुरळे करायच्या चिमट्याने भाजलं, म्हणाल्या.

"स्वयंपाकीण रजेवर आहे?"

"ब्रिजिटला एप्रिलमध्येच काढलं. युद्धात काटकसर नको का? आता सगळं मीच करते. माहेरी मी कधी चमचा उचलला नव्हता." त्यांच्या स्वरात अभिमान होता, दमणूकही होती.

उघड्या दारातून दिसणाऱ्या स्वयंपाकघराच्या फळीवर त्यांच्या आईच्या वेळच्या बरण्या मांडल्या होत्या. जुन्या निळसर काचेच्या, पीचच्या फोडींनी भरलेल्या. लेविनाबाईंनी त्यांचं कौतुक केलं.

"बाकीच्या खाली तळघरात आहेत. पण दाखवता येणार नाहीत. किल्ली ऑर्विलकडे असते. आणायचं झालं की ते दार उघडून देतात आणि मी अंधारातच चाचपत आणते. तळघराच्या खिडकीत दिवा दिसायला नको, म्हणतात."

"हेरांमुळे?"

"हो, हेरांमुळेच," मिसेस थॅकबेरी चटकन म्हणाल्या.

दुपारी शाळेचं सभागृह माणसांनी भरून गेलं. भिंतीवर झेंडा, टेबलावर पुरावा, टेबलामागे ऑर्विल थॅकबेरी. ज्याच्यावर आरोप त्याला बोलावलं नव्हतं. हेराचं ऐकून घ्यायचं म्हणजे शत्रूला व्यासपीठ देणं, असं अध्यक्षांनी समजावून सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावर ओटिली ताठ बसली होती. तिला खिडकीतून मेपलवरचा दोर दिसत होता.

"या बाईंना काही म्हणायचं आहे म्हणे," थॅकबेरी म्हणाले. "आपण उदार माणसं आहोत. दोन मिनिटं."

लेविनाबाई उठल्या. त्यांनी पिशवीतून गमेजकडे उरलेला, त्याच्या कागदातला बुधवारचा पाव काढला आणि हंडीशेजारी ठेवून कापला.

"तीन दिवस सगळं गाव काच बघतंय. पावाकडे कुणी बघितलं नाही. आता बघा. हा रिंगवाल्डचा पाव. पिवळा, रवाळ, गमेज म्हणतात तशी वीट. आणि ही हंडीखालची फाक. पांढरी शुभ्र. पाद्रीबुवा, कसा होता घास?"

"लोण्यासारखा," पाद्रीबुवा पुटपुटले.

"लोण्यासारखा. मक्याचा पाव कुणाच्या तोंडात असा विरघळलाय? रिंगवाल्ड काच घालू शकेलही. पण मैदा कुठून आणेल? त्याची सगळी पोती एप्रिलमध्ये तुमच्या समितीने उचलली. अध्यक्षसाहेब, ती गेली कुठे?"

"सैन्याच्या छावणीला."

"कशाने? एप्रिलपासून इथून दुधाचे कॅन आणि रंगरूट याशिवाय काही गेलेलं नाही. स्टेशनमास्तर मागे बसलेत, विचारा."

स्टेशनमास्तरने मान डोलावली आणि लगेच खाली घातली.

"दुसरं. पन्नास वर्षं भट्टीवर काढलेला माणूस खालून जळलेला आणि मधे बसलेला पाव विकेल? गमेजनी पोचवला तो पाव ताटात आलाच नाही; हा पाव जिने आयुष्यात पहिल्यांदाच कणीक मळली तिने भाजलाय. ती भट्टीच्या दाराला भाजलीही. चिमट्याने मान भाजते, कपाळ भाजतं, मनगटाची मागची बाजू नाही. स्वयंपाकीण काढली, कारण तिच्या नजरेस पोती पडली असती. तळघरात पोत्यांशेजारी फळीवर जुन्या निळसर बरण्या. त्यांतली एक पडली आणि फुटली, उघड्या पोत्यावर. काचा बाकदार आहेत, कारण त्या बरणीच्या आहेत. आणि मैदा अंधारात काढला, कारण दिवा लावायची भीती होती."

"म्हणजे काच कुणी घातलीच नाही?" एमोसनी मोठ्याने विचारलं.

"कुणीच नाही. हा नुसता अपघात होता. गुन्हा झाला तो पाद्रीबुवांच्या ओठातून रक्त आल्यावर. आता पाहुणा विचारणार, बुधवारी पांढरा पाव आला कुठून? त्याने विचारायच्या आत ओरडायला हवं होतं. लपवलेल्या पोत्यांची नाचक्की टाळायला थॅकबेरीसाहेबांनी एका म्हाताऱ्याला फासावर द्यायचं ठरवलं. आणि तेही ज्याची पोती चोरली त्यालाच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या."

थॅकबेरींचा चेहरा जांभळा झाला. "खोटं! सिद्ध करा."

"तळघर उघडा."

"वॉरंट आहे?" ते गरजले. "मी अमेरिकन नागरिक आहे. माझ्या घरात वॉरंटशिवाय पाऊल टाकायचा कुणालाही अधिकार नाही. ही राज्यघटना आहे या देशाची!"

"बरोबर," लेविनाबाई शांतपणे म्हणाल्या. "अक्षरशः बरोबर. मी तुमच्या दाराला हात लावणार नाही. रिंगवाल्ड हेच म्हणाला होता, तेव्हा तुम्ही ते काय म्हणून लिहून घेतलंत?"

थॅकबेरींनी पुराव्याची हंडी जवळ ओढली. मग पहिल्या रांगेतून मिसेस थॅकबेरींचा रडका आवाज आला. "मी म्हटलं होतं, ऑर्विल, ते पोतं फेकून द्या. तुम्हीच म्हणालात, वरवरचं काढलं की चालतं."

एमोसना वाटलं, आता लोक शरमेने माना खाली घालतील. मला तसं वाटलं नसतं, मी या गावातच वाढलोय. मागून कुणीतरी विचारलं, "पोती किती आहेत?" आणि बाकं उलटली. वाणी, सावकार, मास्तर, समितीचे झाडून सगळे सभासद थॅकबेरींच्या घराकडे पळत सुटले. पाद्रीबुवा ओठ धरून पळाले. शेरीफ टोलिव्हर सर्वांत पुढे होता. थॅकबेरी घटनेतली कलमं ओरडत त्यांच्या मागे धावले.

"अगं, यांच्याकडे तरी वॉरंट कुठाय?" एमोस म्हणाले.

"नाही. या गावाला तेवढी एकच रीत येते," लेविनाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता राग होता.

तुरुंगात कुणी नव्हतं. किल्ल्या टेबलावर पडल्या होत्या. ओटिलीने कोठडी उघडली. याकोब रिंगवाल्ड फळीवर बसला होता, टोपी मांडीवर.

"चला बाबा. सगळं कळलं. तुम्ही सुटलात."

"असं कोण म्हणालं?"

ओटिलीने शेरीफच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"मला आणलं तेव्हा कागद नव्हता," म्हातारा म्हणाला. "आता मी असाच बाहेर पडलो तर उद्या म्हणतील, पळाला. दोर अजून तिथेच आहे ना? ज्याने आत घातलं त्याने म्हणू दे. तोवर मी बरा आहे इथे."

ओटिली त्याच्या शेजारी बसली आणि उघड्या कोठडीत बाप-लेक तशीच थांबली. लेविनाबाई तडक थॅकबेरींच्या घरी गेल्या. तळघराच्या पायऱ्यांवर माणसं एकमेकांना कोपराने ढकलत होती. बाईंनी शेरीफला कॉलरला धरून वर ओढला आणि रस्त्याने तसाच चालवत आणला. त्याने खांद्यावरचं पोतं मात्र सोडलं नाही. भुवयांपर्यंत पांढरा झालेला तो कोठडीच्या दारात उभा राहिला.

"सांगा त्यांना."

"ठीक आहे, याकोब," शेरीफ जमिनीकडे बघत म्हणाला. "तुझ्यावर काही नाही. गैरसमज झाला. युद्धाचे दिवस आहेत, तूच समजून घे."

रिंगवाल्ड उठला. टोपी डोक्यावर ठेवून मुलीच्या हाताला धरून तो दाराशी आला. तिथे शेरीफच्या खांद्यावरच्या पोत्याकडे त्याचं लक्ष गेलं. एका कोपऱ्यावर त्याच्या दुकानाचा शिक्का अजून स्पष्ट दिसत होता. त्याने तो बोटाने एकदा चाचपला.

"चाळून घ्या," तो म्हणाला. "काच आहे त्यात. घरी लेकरं आहेत तुमच्या."